जुने कागद वाचणारी माणसं गोव्याला हवी आहेत

इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या गोव्यातल्या मुला-मुलीला घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग आता बी. एड. ना? शिकवणं हे चांगलंच काम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण इतिहासाचा रस्ता शाळेच्या फाटकापाशी संपतो असं धरून चालल्यामुळे हुशार पोरं बँकेच्या परीक्षांना बसतात. आणि इथे चारशे-साडेचारशे वर्षांचे कागद कपाटांत आहेत, ते वाचता येणारी माणसं मात्र मोजकीच. हे कागद सांभाळणं, लावणं, वाचणं आणि लोकांपर्यंत नेणं हा एक स्वतंत्र पेशा आहे. त्यात नोकऱ्या आहेत, कंत्राटी कामं आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. फक्त त्या वेगवेगळ्या नावांनी जाहीर होतात, म्हणून नजरेत येत नाहीत.

या पेशाचे ढोबळ तीन भाग पडतात. एक, अभिलेखागार, म्हणजे दप्तरखान्याचं काम. दोन, लोकांसाठीचा इतिहास: संग्रहालयं, वारसा फेऱ्या, मौखिक इतिहास, गावाच्या नोंदी. तीन, या सगळ्याला संगणकाची जोड देणारं डिजिटल मानव्यविद्या हे क्षेत्र. नावं भारदस्त आहेत, पण आतलं काम समजायला कठीण नाही.

दप्तरखाना आणि वाचनालय यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. वाचनालयातलं पुस्तक फाटलं तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. दप्तरातला कागद एकच असतो, आणि तो कुठल्या कचेरीत, कुठल्या कामासाठी, कुठल्या कागदांच्या मध्ये बसला होता यावर त्याचा अर्थ ठरतो. समजा, एखाद्या गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, वहीत नोंद आहे की अमुक खाजन शेत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेलं शेत, अमुक माणसाने लिलावात इतक्या रकमेला घेतलं. ते पान सुटं काढून दाखवलं तर फार तर एक आकडा हाती लागतो. तेच पान वहीत जागच्या जागी असलं, तर मागच्या-पुढच्या वर्षांच्या बोल्या दिसतात, बांध फुटल्यावर बोली कशी कोसळली ते दिसतं, मानशीच्या, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, दुरुस्तीवर गावकारीने काय खर्च केला ते कळतं. म्हणून या पेशाचा पहिला नियम असा की कागदांचा मूळ क्रम मोडायचा नाही. विषयवार गठ्ठे बांधणं वरून व्यवस्थित दिसतं, पण त्याने दप्तर मरतं.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. १५९५ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेचा दप्तरखाना रीतसर उभा राहिला, आणि बखरकार दियोगो दो कोतो याला त्याचा पहिला प्रमुख नेमलं. आज पणजीत राज्य सरकारच्या पुराभिलेख खात्याकडे असलेला संग्रह हा त्याच परंपरेतला. आशियातल्या युरोपीय सत्तांच्या दप्तरांमध्ये हा फार जुना आणि फार मोठा संग्रह आहे. त्यातली सगळ्यात नावाजलेली मालिका ‘मोन्सोंइश दु रेइनु’ची. लिस्बनहून जहाजं वसंतात निघत आणि मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन पावसाळा सरता सरता मांडवीत येत. त्यांच्यातून राजाचे हुकूम येत, आणि परतीच्या जहाजांतून इथल्या विसरेईंची, म्हणजे राजाच्या प्रतिनिधींची, उत्तरं जात. या पत्रव्यवहाराच्या बांधीव वह्या म्हणजे ही मालिका. अठराव्या शतकात त्यांतले साठच्या वर खंड लिस्बनला हलवले गेले, बाकीचे इथेच राहिले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या वेगळ्या, तहांच्या वेगळ्या, गावकारींच्या वेगळ्या.

मराठी वाचकाने हे कागद आपले मानावेत याचं कारण इथेच आहे. १६८३ साली संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या दाराशी आली, तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यमंडळात काय चर्चा झाली ते त्या मंडळाच्या इतिवृत्तांत आहे. १७३९ साली वसई पडली, त्या धक्क्याचे पडसाद याच दप्तरात आहेत. सावंतवाडीकर, सौंदेकर आणि पेशव्यांच्या दरबारांशी झालेली देवाणघेवाण इथेच आहे. हे सारं उजेडात आणलं ते प्रामुख्याने डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे हे शेणवी. मुक्तीपूर्व काळात सुमारे तीन दशकं त्यांनी हा दप्तरखाना सांभाळला. १६१८ ते १७५० या काळातली राज्यमंडळाची इतिवृत्तं त्यांनी पाच खंडांत संपादून छापली, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर मराठीतही ग्रंथ लिहिला. त्यांचं बळ कशात होतं ते नीट लक्षात घ्या. ते पोर्तुगीज वाचत होते आणि मराठीही. एकाच घटनेच्या दोन्ही बाजू एका माणसाच्या टेबलावर येत होत्या. असा दोन्हीकडचा वाचक तयार होणं हीच आज गोव्याची सगळ्यात मोठी निकड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद कसा मरतो

या कामात शिरणाऱ्याने आधी कागद आणि शाई समजून घ्यावी. जुन्या युरोपीय दस्तऐवजांची काळी-तपकिरी शाई मायफळ आणि हिराकस यांपासून बनत असे. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच. त्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की गडद शाई तयार होते, आणि ती कागदाच्या धाग्यांत घट्ट मुरते. लिहिताना हा गुणच वाटतो. पण त्या मिश्रणात आम्ल शिल्लक राहतं, आणि लोहामुळे कागद आतून जळत जातो. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय उमटतं, मग अक्षर पाठीमागून दिसू लागतं, मग जिथे लेखणी जोरात टेकली होती तिथे भेगा जातात, आणि शेवटी अक्षराच्या आकाराचाच तुकडा गळून पडतो. पान जाळीदार होतं. जितकं ठसठशीत अक्षर, तितकं ते लवकर जातं. हवेतला ओलावा या प्रक्रियेला वेग देतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम फोडतात. त्यात कसर आणि वाळवी.

संवर्धकाचं काम इथे सुरू होतं. आधी पान न ओढता, न दाबता कोरडं साफ करायचं. फाटलेल्या जागी अगदी पातळ जपानी कागद पिठाच्या खळीने चिकटवायचा. ही खळी मुद्दाम निवडतात, कारण उद्या तो जोड काढावा लागला तर ती पाण्याने सुटते. आज केलेली दुरुस्ती उद्या उलटवता आली पाहिजे हा संवर्धनाचा पाया आहे. पूर्वी शिफॉनचं कापड लावून किंवा प्लॅस्टिकचा पातळ थर चढवून पानं वाचवली गेली. त्यांतल्या काही पानांवरून तो थर आता काढणं हेच मोठं काम होऊन बसलं आहे. घरी जुना कागद असेल आणि त्यावर सेलोटेप लावायचा मोह झाला, तर तेवढा आवरा. तो डिंक काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो.

स्कॅन झालं म्हणजे काम झालं, हा गैरसमज

‘एकदा सगळं स्कॅन करून टाका’ ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. स्कॅन हवंच. मूळ कागद कमी हाताळला जातो, दूरचा अभ्यासक घरी बसून पाहू शकतो. चांगल्या प्रकल्पात मूळ प्रत टिफमध्ये, पूर्ण रंगात आणि भरपूर बारकाव्यानिशी ठेवतात, लोकांना दाखवायला हलकी जेपेग करतात, आणि एकूण तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवून त्यांतली एक दुसऱ्या गावी सुरक्षित ठेवतात. पण लाखभर चित्रांच्या फायली, ज्यांची नावं नुसते आकडे आहेत, त्यांत माणसाने शोधायचं काय आणि कसं? चित्राला वर्णन लागतं: हा कागद कुठल्या मालिकेतला, कोणी कोणाला लिहिला, केव्हा, कुठल्या गावाबद्दल, कुठल्या भाषेत आणि लिपीत. हे वर्णन म्हणजेच मेटाडेटा. ते लिहिणारा माणूस कागद वाचू शकणारा लागतो. स्कॅनर विकत मिळतो, हा माणूस तयार करावा लागतो.

एक उदाहरण पाहा. तुम्हाला तुमच्या पणजोबांची नोंद हवी आहे. घराणं प्रभूंचं असेल तर पोर्तुगीज कारकुनाने लिहिलंय पोरोबो. कामत असेल तर कामोतीं, शेणवी असेल तर सिनाय. गाव साखळी असेल तर सांकेलीं, डिचोली असेल तर बिचोलीं. त्यात एकाच वहीत एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. संगणकाला हे सगळे वेगळे वाटतात. म्हणून डिजिटल संग्रहात प्रत्येक व्यक्तीची आणि गावाची एक प्रमाण नोंद करतात, तिला एक क्रमांक देतात, आणि सगळी रूपं त्या एका नोंदीला जोडतात. मग तुम्ही देवनागरीत ‘साखळी’ टाइप केलं तरी सोळाव्या शतकापासूनची सगळी सांकेलीं पुढ्यात येतात. हे काम बंगळुरूत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या अभियंत्याला एकट्याने जमणार नाही. इथल्या आडनावांचा, वाड्यांचा, देवस्थानांच्या महाजनांचा पत्ता ज्याला आहे, त्यालाच ते जमेल.

यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घेणंही आता शक्य आहे. ट्रान्सक्रिबससारखी साधनं त्यासाठीच बनली. ती अशी चालतात: एखाद्या हस्ताक्षराची काही पानं माणसाने ओळीला ओळ लावून बिनचूक टाइप करायची. साधारण पाच ते पंधरा हजार शब्द इतका मजकूर दिला की यंत्र त्या धाटणीचं वळण शिकतं आणि पुढची पानं स्वतः वाचू लागतं. चुका करतं, पण तपासणं हे पहिल्यापासून वाचण्यापेक्षा सोपं. म्हणजे सुरुवातीची पानं वाचणारा माणूस इथेही अटळ आहेच. क्यू अक्षरावर आडवी रेघ दिली की तो पोर्तुगीजमधला अख्खा ‘के’ शब्द होतो, दोन शब्द चिकटवून लिहिले जातात, नावांची रूपं तोडून लिहिली जातात, हे यंत्राला आधी कोणीतरी शिकवतं. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली, त्यामुळे मोडी मजकूर मोडीतच टाइप करून साठवणंही शक्य झालं आहे. गोव्यातल्या जुन्या गावकारी नोंदींत गोंयकानडी ही कानडीशी नातं असलेली लिपीही भेटते. ती वाचणारे आणखी कमी.

डिजिटल मानव्यविद्या म्हणजे एवढंच नव्हे. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवून कुठली खाजनं बुजली ते दाखवणं, एका कवीच्या सगळ्या हस्तलिखितांतले पाठभेद शेजारी शेजारी मांडणं, हेही त्यातच येतं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने २०१३ साली रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा आणि छापील आवृत्त्यांचा असा ऑनलाइन संग्रह खुला केला. १६१६ साली राशोलला रोमन अक्षरांत छापलेल्या क्रिस्तपुराणापासून पुढे केवढं तरी साहित्य गोव्यात याच कामाची वाट बघत आहे.

जिवंत माणसांचा इतिहास

सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव घ्या. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. साळावली धरणात ते बुडालं, माणसं वाडे आणि वालकिणी या ठिकाणी हलवली गेली. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की सोमेश्वराचं देऊळ आणि घरांचे चौथरे वर येतात, आणि मूळचे कुर्डीकर मे महिन्यात तिथे जमतात. सार्वजनिक इतिहासाचं काम करणारा तिथे काय करेल? चौथऱ्यांचा नकाशा काढेल आणि प्रत्येक चौथऱ्यापाशी त्या घरच्या माणसाला उभं करून विचारेल: हे कोणाचं घर, दार कुठल्या दिशेला, विहिरीवर कोण यायचं, पावसात वाट कुठून जायची. रेकॉर्डिंग करण्याआधी लेखी संमती घेईल, आणि हे ध्वनिमुद्रण पुढे कुठे राहील, कोणाला ऐकता येईल ते स्पष्ट सांगेल. नंतर मुलाखतीचा शब्दशः उतारा करेल, आणि एक प्रत त्या घराला परत देईल. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. गाळू नये. लोकांनी आपली आठवण तुमच्या हवाली केलेली असते.

हे काम तातडीचं आहे. १९६१ साली मुक्तीच्या वेळी विशीत असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलात घरोघर फिरलेल्या दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांचंही तेच. मराठी शाळा चालवणारे मास्तर, भजनी मंडळी, दशावतारी, खाणीवरचे कामगार यांचे शब्द सरकारी दप्तरात नाहीत. ते घरात बसून टिपावे लागतात, आणि त्यासाठी चांगला माइक, धीर आणि तोंडात लोकांची बोली लागते.

काम कुठे मिळतं

सरकारी नोकरीची जाहिरात ‘आर्काइव्हिस्ट’, ‘असिस्टंट आर्काइव्हिस्ट’, ‘पोर्तुगीज अनुवादक’, ‘संवर्धन सहायक’, ‘क्युरेटर’ अशा वेगवेगळ्या नावांनी येते. वरची पदं गोवा लोकसेवा आयोगाकडून, खालची गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून. गोव्यातल्या सरकारी पदांसाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोंकणी येणं आवश्यक असतं आणि मराठी येणं इष्ट धरलं जातं. दाखला आधीच काढून ठेवा. अर्जाची मुदत संपत आल्यावर मामलेदार कचेरीत धावपळ नको. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, ज्याची सुरुवात १८३२ सालची, पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र, गोवा विद्यापीठ, जुन्या गोव्याचं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय, ही ठिकाणं नजरेत असू द्या. तिथल्या व्याख्यानांना आणि कार्यशाळांना नुसतं नियमित गेलं तरी प्रकल्प सहायकाच्या जागा कानावर येतात.

गोव्याबाहेर पुण्यात टाटा समूहाचं आणि रिझर्व्ह बँकेचं दप्तर आहे, मुंबईत गोदरेजचं, बंगळुरूला जीवशास्त्राच्या राष्ट्रीय केंद्राचं. कंपन्यांची आणि विज्ञानसंस्थांची दप्तरं हा या पेशातला वाढता भाग आहे. धोक्यात असलेल्या खासगी संग्रहांचं डिजिटायझेशन करायला ब्रिटिश लायब्ररीचा एक कार्यक्रम २००४ पासून अनुदान देतो. एखाद्या देवस्थानाचं किंवा जुन्या घराण्याचं दप्तर हाताशी असेल, तर अशा अनुदानांचा विचार व्हावा.

एक बाजारपेठ मात्र अगदी दारात आहे, आणि इतिहासाचे विद्यार्थी तिच्याकडे वळून पाहत नाहीत. जमिनीचे व्यवहार. आफोरामेंत म्हणजे जमिनीचे जुने कायमचे पट्टे, सत्तरीतल्या आल्वारा म्हणजे पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या जमिनी, जुनी जमीन नोंदणी, नोटरीचे वारसाहक्काचे दस्तऐवज, सगळं पोर्तुगीजमध्ये. वकिलांना, बँकांना, न्यायालयांना हे वाचून मराठीत किंवा इंग्रजीत देणारं विश्वासू माणूस लागतं. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजी-आजोबांच्या जन्मनोंदी शोधणाऱ्यांची रीघ वेगळीच. आणि इथे प्रामाणिकपणाला किती किंमत आहे ते २०२२ मध्ये सगळ्या गोव्याने पाहिलं. जमिनी हडपल्याच्या तक्रारींसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं, आणि बनावट जुन्या दस्तऐवजांच्या जोरावर मालक बदलल्याची प्रकरणं बाहेर आली. कागद कोणी कधी हाताळला याची नोंद, पानांचे क्रमांक, वेळेवर केलेलं स्कॅन, या रटाळ वाटणाऱ्या गोष्टींवर लोकांची भाटं, म्हणजे बागायती, आणि घरं टिकून आहेत.

शिकायचं कुठे? दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रशिक्षण शाळेत अभिलेखशास्त्राची पदविका आहे, आणि दुरुस्ती, संवर्धन, दप्तर व्यवस्थापन यांचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रमही. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या हजारो कागद पाहता येतात. पोर्तुगीज गोवा विद्यापीठात पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकवतात. मोडीचे वर्ग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने वर्षानुवर्षं घेतले आहेत. डिजिटल मानव्यविद्येची पदव्युत्तर पदवी जोधपूरच्या आयआयटीत आहे. पण सगळं एकदम धरू नका. मी कोणालाही हेच सांगेन: आधी एक लिपी पक्की करा. पोर्तुगीज हस्ताक्षर किंवा मोडी, दोन्हींतलं एक. सॉफ्टवेअर दोन महिन्यांत येतं आणि चार वर्षांत बदलतं. लिपीला वर्ष लागतं आणि ती जन्मभर सोबत राहते.

कंत्राटी काम घेताना दोन गोष्टी लेखी मागा. पानामागे दर असेल तर सोपं छापील पान आणि शाईने खाल्लेलं पान यांना एकच दर मान्य करू नका. आणि तुम्ही केलेल्या वाचनाखाली तुमचं नाव राहील असं कलम घाला. डेटा एंट्री म्हणून मोजलं जाणारं हे काम खरं तर संपादनाचं आहे, आणि संपादकाचं नाव छापण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

अर्जासोबत पदव्यांच्या प्रतींखेरीज एक नमुना जोडा. परवानगी घेऊन मिळवलेलं किंवा आधीच खुलं असलेलं एक पान निवडा. त्याचं चित्र, ओळीला ओळ लावलेलं वाचन, न लागलेल्या शब्दांपुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, दहा ओळींचा मराठी सारांश, आणि मालिका, तारीख, गाव, व्यक्ती यांची नोंद. सगळं मिळून दोन-तीन पानं होतात. न लागलेला शब्द दडपून दिलेला नाही हे त्या प्रश्नचिन्हांवरून कळतं, आणि जाणकार परीक्षक आधी तेच बघतात.